डोळ्यातला कालवा

रात्री नऊच्या ठोक्याला मी फ्रिजच्या दारातून, लोणच्याच्या बरणीशेजारून, अंगठ्याएवढी एक बाटली काढतो आणि उजव्या डोळ्यात एक थेंब घालतो. गेली चार वर्षं हा नेम चुकलेला नाही. थेंब घातला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, नाहीतर औषध नाकावाटे घशात उतरतं आणि फुकट जातं.

यंदा मे महिन्यात ओवी, माझी नात, सुट्टीला आली होती. सहावीत गेली आता. मी डोळा मिटून बसलो होतो आणि ती जवळजवळ नाकाला नाक लावून माझं तोंड न्याहाळत होती.

"आबा, तुमच्या या एकाच डोळ्याच्या पापण्यांचे केस एवढे लांब कसे? गाईसारखे दिसतात. डावीकडचे तर विरळ झालेत."

"हा या थेंबाचा प्रताप."

"मग दोन्हीकडे घाला ना!"

आतून आजीचा आवाज आला, "पंचाहत्तरी आली, आता कुणाला दाखवायच्यात पापण्या?"

आजीला माहीत नाही, पण या औषधाचं एक भावंड अमेरिकेत २००८ पासून निव्वळ पापण्यांचे केस वाढवायला विकायची परवानगी आहे. हौसेला मोल नाही. मला मात्र ते केस फुकटात मिळाले. औषध चालू आहे ते वेगळ्याच कारणासाठी, आणि त्या कारणाची गोष्ट एका विटीपासून सुरू होते.

पानशेत फुटलं ते १९६१ साल. धरण फुटलं जुलैत, माझा डोळा मे महिन्यात. देवळामागच्या माळावर आमचा डाव रंगला होता. बाभळीची विटी, दोन्ही टोकं तासून चांगली अणकुचीदार केलेली. दांडू मारणाऱ्यानं जीव खाऊन टोला हाणला, मी झेल घ्यायला पुढे धावलो आणि विटी हातात यायच्या ऐवजी उजव्या डोळ्यावर आदळली. नशीब एवढंच की टोक न लागता ती आडवी बसली. बाहेर रक्ताचा टिपूस नाही. फक्त सगळं जग तांबडं आणि धूसर झालं, कुंकवाच्या पाण्यातून बघावं तसं.

आईनं कंदील जवळ धरून डोळा उघडला आणि किंचाळलीच. बुबुळाच्या खालच्या निम्म्या भागात रक्त भरलं होतं. गंमत त्याच्या वरच्या कडेची होती. ती कड एकदम सपाट, पेल्यातल्या पाण्याच्या पातळीसारखी. मला आडवं केलं की पातळी मोडायची आणि लाली सगळीकडे पसरायची. उठवून बसवलं की घटकाभरात गाळ खाली बसून पुन्हा सरळ रेघ. माझ्या थोरल्या भावाने मला तीन वेळा आडवं-उभं करून हा खेळ बघितला, मग आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

तालुक्याहून डॉक्टर सायकलवर आले. डोळ्यांवर पट्टी बांधली आणि सांगितलं, पोरगं आडवं झोपवायचं नाही, वळकटीला टेकवून बसवून ठेवा, पळापळ बंद. आठव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा डोळा निवळशंख. आईने गावदेवीला नारळ फोडला.

इथवर ऐकून ओवी गप्प झाली. मग तिने विचारलं ते मी अकरा वर्षांचा असताना मला सुचलं नव्हतं.

"पण आबा, ते रक्त गेलं कुठे? डोळ्यातून बाहेर तर आलं नाही ना?"

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं काढली. पाणी आलं कुठून आणि गेलं कुठे, हे दोनच प्रश्न विचारत जन्म गेला. त्यामुळे हा प्रश्न ऐकून मला नात फारच आवडली.

"आधी जागा बघ," मी म्हटलं. "इकडे ये, माझ्या कानाशी उभी राहा. मी खिडकीतून समोर बघतो. तू माझा डोळा समोरून बघू नकोस, अगदी बाजूने बघ."

हे तुम्हीही कुणाच्या तरी डोळ्यात बघा. समोरून डोळा चित्रासारखा सपाट दिसतो. बाजूने बघितलं की कळतं, पुढे एक स्वच्छ काचेचा छोटा घुमट आहे आणि बुबुळाचा तपकिरी पडदा त्याच्या बराच आत, मागे आहे. घुमट आणि पडदा यांच्यामध्ये जागा आहे.

"मधे रिकामं आहे," ओवी म्हणाली.

"रिकामं वाटतं. पाण्याने भरलेलं आहे."

"म्हणजे रडताना येतं ते?"

इथे बहुतेक मोठी माणसंही चुकतात. अश्रू बाहेरचे. ते भुवईखालच्या एका ग्रंथीत तयार होतात, डोळ्यावरून वाहतात आणि नाकात उतरतात, म्हणून रडताना नाक गळतं. आतल्या पाण्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. कितीही कांदे चिरा, कितीही रडा, आतल्या पाण्याचा एक थेंब बाहेर येत नाही. डॉक्टर त्याला ॲक्वियस म्हणतात, मराठी पुस्तकांत नेत्रजल असा शब्द सापडतो. आमच्या घरात आता त्याचं नाव 'आतलं पाणी' असं पडलं आहे.

घुमट आणि पडदा यांच्यामधल्या या खोलीची खोली मध्यावर साधारण ३ मिलीमीटर. तिच्यात पाणी मावतं पाव मिलीलिटर, म्हणजे माझ्या या औषधाच्या बाटलीतले पाचेक थेंब. एवढंसं पाणी, पण त्याच्यावाचून डोळा टिकणार नाही. का? तर पुढची काच आणि मागचं भिंग या दोन्हींत एकही रक्तवाहिनी नाही. असती तर आपल्याला जग लाल रेषांच्या जाळीतून दिसलं असतं. पण जिवंत वस्तू आहे, तिला खायला तर लागतंच. मग रक्ताच्या ऐवजी हे पाणी फिरतं. साखर आणून देतं, मळी घेऊन जातं. काचेला हवा मात्र बाहेरून थेट मिळते.

म्हणजे हे रक्ताचं काम करणारं, पण रंग नसलेलं पाणी. रक्तातली जवळजवळ सगळी प्रथिनं यातून गाळून टाकलेली असतात. उलट क जीवनसत्त्व रक्तातल्यापेक्षा वीसेक पट जास्त भरलेलं असतं. दिवसा उजेडात वावरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत ते भरपूर आणि रात्री हिंडणाऱ्यांच्या डोळ्यांत कमी आढळतं, त्यावरून ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून भिंगाला जपत असावं असा अंदाज आहे.

"गाळलंय हे डॉक्टरांना कसं कळतं?" ओवी.

"आपल्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात कौलातून कवडसा पडायचा, आठवतो?"

तिला आठवत होता. चूल पेटलेली असली की तो कवडसा जाड, दुधाळ दिसायचा, त्यात धुळीचे कण नाचायचे. चूल विझलेली, हवा स्वच्छ, की कवडसा दिसेनासा व्हायचा, नुसता जमिनीवर रुपयाएवढा उजेड. डोळ्याचे डॉक्टर नेमकं हेच करतात. हनुवटी टेकवायला लावून ते उजेडाची बारीक फट डोळ्यात सोडतात. निरोगी डोळ्यात तो उजेड काचेवर दिसतो, मग मध्ये काळोख, मग भिंगावर पुन्हा दिसतो. मधल्या पाण्यात त्याला दिसण्यासारखं काही सापडतच नाही. डोळ्याला आतून सूज आली की रक्तातली प्रथिनं आणि पेशी पाण्यात झिरपतात, आणि त्या काळोखात लगेच चुलीच्या धुरातला कवडसा उभा राहतो. डॉक्टर कण मोजतात सुद्धा.

आता पाण्याचा उगम. बुबुळाच्या मागे, त्याच्या मुळाशी, भिंगाच्या भोवती एक गोल झालर आहे. परकराच्या चुण्यांसारख्या सत्तरेक चुण्या. प्रत्येक चुणीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आणि त्यावर पेशींचे दोन थर. या पेशी रक्तातलं मीठ उचलून पलीकडे ढकलतात आणि मिठामागे पाणी ओढलं जातं. नुसतं झिरपणं नव्हे हे, उपसा आहे. वीज खाणारा पंप म्हणा ना. दर मिनिटाला अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं. म्हणजे एक थेंब भरायला वीस मिनिटं, आणि खोलीतलं सगळं पाणी बदलायला साधारण शंभर. तुम्ही एखादा सिनेमा मध्यंतरापर्यंत बघता तेवढ्यात डोळ्यातलं बरंचसं पाणी नवं झालेलं असतं. रात्री झोपेत पंप निम्म्यावर येतो. पूर्ण बंद कधीच पडत नाही.

हे पाणी भिंगाला वळसा घालून बुबुळाच्या मागून येतं आणि बाहुलीतून पुढच्या खोलीत शिरतं. बाहुली म्हणजे काळा मणी नव्हे, ते एक भोक आहे, हे ओवीला शाळेत शिकवलं होतं. त्या भोकातून उजेड आत जातो आणि पाणी बाहेर येतं, हे नव्हतं शिकवलं.

पुढच्या खोलीत आलं की ते फेर धरतं. बुबुळाची बाजू अंगाच्या उबेची, काचेची बाजू हवेला लागलेली, म्हणून दोनतीन अंशांनी गार. पातेल्यात दूध तापताना जसं एकीकडून वर चढतं आणि दुसरीकडून खाली उतरतं, तसं हे पाणी बुबुळालगत वर आणि काचेलगत खाली फिरत राहतं. १८८२ मध्ये पाउल एर्लिख या जर्मन डॉक्टराने सशांना फ्लुरोसिन नावाचा चमकता रंग टोचला, तेव्हा सशाच्या डोळ्यात एक उभी पिवळी-हिरवी रेघ उमटलेली त्याला दिसली. याच एर्लिखला पुढे १९०८ चं नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी. काही माणसांच्या बुबुळाचा तपकिरी रंग झिजून पाण्यात मिसळतो. तो गाळ काचेच्या आतल्या बाजूला बसतो आणि तिथे मधोमध एक उभी टकळी तयार होते, मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळती. १८९९ साली क्रूकेनबर्ग नावाच्या डॉक्टराने तिचं वर्णन केलं आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ओढ्याच्या काठावर गाळाच्या रेषा बघून पूर कुठवर आला होता हे आम्ही सांगायचो, तसलाच प्रकार.

"आणि मग ते रक्त?" ओवी मूळ मुद्दा सोडणारी नाही.

आता निचऱ्याकडे येऊ. बुबुळाचा पडदा आणि पुढची काच जिथे एकमेकांना भेटतात, त्या कोपऱ्यात सगळीकडून गोल एक जाळी आहे. स्पंजासारखी, थरावर थर. पाणी त्या जाळीतून गाळलं जातं आणि पलीकडच्या एका बारीक, गोल नळीत उतरतं. बर्लिनचे शरीररचनेचे प्राध्यापक फ्रिडरिश श्लेम यांनी १८३० मध्ये ही नळी दाखवून दिली. तिचं नाव श्लेमचा कालवा. मी नाही ठेवलेलं, डॉक्टरांच्या पुस्तकातच कालवा म्हटलंय. अंगठीसारखा बुबुळाभोवती फिरणारा कालवा, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी मिलीमीटरचा चौथा हिस्सा. त्याला पंचवीस-तीस पोटचाऱ्या. त्या डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या शिरांना जाऊन मिळतात.

हे सगळं अंदाजाने बोललं जात होतं, आणि डोळ्यातलं पाणी साठलेलं असतं, वाहत नाही, असं मानणारेही पुष्कळ होते. प्राग सोडून अमेरिकेत गेलेले एक डॉक्टर होते, कार्ल आशर. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या पांढऱ्यावर सूक्ष्मदर्शक लावून बघताना त्यांना अशा शिरा दिसल्या की ज्यांत रक्त नव्हतं, नुसतं स्वच्छ पाणी होतं. १९४२ मध्ये त्यांनी ते छापलं. पुढे जाऊन ती शीर रक्ताच्या शिरेला मिळते, आणि तिथे काही अंतर पाणी आणि रक्त एकाच शिरेतून शेजारी शेजारी वाहतात, न मिसळता. एक पट्टा बिनरंगी, एक लाल. कराडला प्रीतिसंगमावर पावसाळ्यात उभं राहून मी कृष्णा-कोयनेचं पाणी असंच बघितलेलं आहे, रंगाची सीमा स्पष्ट ठेवून चाललेलं. डोळ्याच्या पांढऱ्यावर तसा संगम रोज चालू असतो हे मला सत्तरीनंतर कळलं.

"म्हणजे तुमचं रक्त त्या जाळीतून गेलं!"

"गेलं. कण कण करून, आठ दिवसांत. जिथून सांडलं होतं तिथेच परत, रक्तात."

आईचा नारळ वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण डोळा स्वतःच स्वतःला धूत होता. डॉक्टरांनी मला बसवून ठेवलं ते एवढ्यासाठी, की रक्त खाली बसावं आणि वरची जाळी मोकळी राहावी.

मग जमाखर्च मांडल्याशिवाय मला झोप येईना. झोपेचे तास निम्म्या दराने धरून हिशेब केला: एका डोळ्यात दिवसाला ३ मिलीलिटर पाणी, म्हणजे चहाचा चमचा सुद्धा भरत नाही. वर्षाला एक लिटरच्या थोडं वर. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात ऐंशी लिटर. आमच्या भाषेत एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. म्हणजे माणसाच्या एका डोळ्यातून जन्मभरात जेवढं पाणी वाहतं तेवढं एक क्युसेकची चारी तीन सेकंदांत वाहून नेते. ओवीला हे फार लागलं. "एवढंच?" म्हणाली. एवढंच. पण त्या चारीला दर आवर्तनानंतर गाळ काढायला माणसं लागतात, आणि डोळ्याच्या कालव्याचा गाळ जाळीतल्या पेशी स्वतः गिळतात.

कालव्याच्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. पाणी नुसतं वाहून चालत नाही, पातळीही राखावी लागते. खडकवासल्याच्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपोआप उघडणारी दारं बसवली. पाणी ठरावीक उंचीवर चढलं की दार आपलं आपण उघडायचं, उतरलं की मिटायचं. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. डोळ्यातली जाळी अशीच अडवूनही धरते आणि सोडूनही देते. तिने अडवलंच नाही तर डोळ्यातला दाब बाहेरच्या शिरांइतका, पाऱ्याच्या ८-९ मिलीमीटरांवर येईल आणि डोळा मऊ पडेल. पुढची काच सुरकुतली की नजर संपली. फुटबॉलमध्ये हवा असते तसं डोळ्याचं आकारमान या पाण्याच्या दाबावर उभं आहे. साधारण १५ मिलीमीटर हा सर्वसाधारण दाब. १० ते २१ हा नेहमीचा पट्टा धरतात.

पंप थांबत नाही. त्यामुळे घोटाळा होतो तो बहुतेक वेळा निचऱ्यात.

हे वाक्य मी सहज लिहिलं, पण ते कळायला मला खात्यात वीस वर्षं लागली होती. कालवा आला की उद्घाटन होतं, कोनशिला बसते, पुढारी बटण दाबतात. निचऱ्याचा चर खणायला पैसे नसतात, त्याचं कधी उद्घाटन झालेलं मी बघितलं नाही. एका कालव्याखाली माझ्या डोळ्यांदेखत काळीभोर जमीन चोपण झाली. ऊस पिवळा पडला, वर पांढरं मीठ फुललं. शेतकरी म्हणायचा, साहेब, पाणी नव्हतं तेव्हा जोंधळा तरी व्हायचा. चूक आमचीच होती. डोळ्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र उलटी झाली आहे: चराला श्लेमचं नाव मिळालं, झऱ्याला कुणाचंच नाही.

१९६१ साली विटीच्या दणक्याने पाणी एकदम मागे आणि बाजूंना ढकललं गेलं आणि त्या धक्क्याने बुबुळाच्या मुळाशी असलेला स्नायू फाटला. जाळीलाही मार बसला. रक्त धुऊन गेलं, नजर आली, सगळे विसरले. मीही. पण जाळी हळूहळू राठ होत गेली. असला मार बसलेल्या डोळ्यांपैकी काहींत वीस, तीस, कधी त्याहून जास्त वर्षांनी दाब चढतो. माझ्यात साठ वर्षांनी चढला.

कळलं कसं? चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. दाब निघाला २९. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा झाकायला सांगून विचारलं, भिंतीवरच्या कालनिर्णयचा पूर्ण महिना दिसतो का? मी बघितलं. मधल्या तारखा लख्ख दिसत होत्या. डावीकडचा वरचा कोपरा नव्हता. काळा दिसत नव्हता, धूसर दिसत नव्हता, तो नव्हताच. मेंदूने तिथे भिंत रंगवून टाकली होती. दोन्ही डोळे उघडले की डावा डोळा भरपाई करायचा, म्हणून मला कधीच कळलं नव्हतं.

याला काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू वेगळा, तो भिंगाचा आजार. भिंग बदललं की उजेड पडतो. काचबिंदूत दाबाखाली डोळ्याची नस मरत जाते, दहा-बारा लाख धाग्यांची. मेलेला धागा परत येत नाही. उरलेले वाचवायचे एवढंच हातात. (काही लोकांची नस दाब नेहमीच्या पट्ट्यात असतानाही मरते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नसही बघावी लागते.)

या आजाराचा एक अवतार मात्र गाजावाजा करत येतो. ज्यांचा तो कोपरा मुळातच अरुंद असतो, त्यांच्यात बुबुळ एकाएकी पुढे सरकून निचऱ्याचं तोंडच बंद करतं. दाब तासाभरात तिपटीवर जातो. डोळा लाल, अर्धं डोकं फुटतंय असं दुखणं, दिव्याभोवती इंद्रधनुष्याची कडी, आणि वांत्या. आमच्या नात्यातल्या एका आत्यांना असं झालं तेव्हा घरच्यांनी पित्त समजून रात्रभर कोकम सरबत पाजलं. एक डोळा गेला. सुश्रुताने अधिमंथ नावाचा डोळ्याचा विकार सांगितला आहे, डोळा रवीने घुसळल्यासारखा आणि अर्धं डोकं दुखणारा. आजचे डॉक्टर त्यात हाच झटका ओळखतात. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये अशा रोग्यांच्या बुबुळाचा तुकडा कापून काढला आणि झटका थांबला. तो का थांबला, हे त्यांनाही नीट उमगलं नव्हतं. आता लेझरने बुबुळाच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक पाडतात. पाण्याला बाहुलीखेरीज दुसरी मोरी मिळते आणि पडदा मागे बसतो.

"आणि पापण्या?" ओवीने जांभई देत विचारलं. दहा वाजत आले होते.

पापण्यांची गोष्ट हंगेरीतून येते. लास्लो बिटो नावाचा एक मुलगा, १९३४ चा जन्म. तरुणपणी राजवटीने त्याला कोळशाच्या खाणीत सक्तीच्या मजुरीला धाडलं. १९५६ च्या उठावानंतर तो अमेरिकेत पोचला, शिकला, कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांनी डोळा सुजतो आणि दाब चढतो, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. बिटोने मात्रा फार कमी करून बघितली, तर दाब उतरला. कुणी सहजासहजी विश्वास ठेवला नाही. त्यातून बनलेलं लॅटानोप्रोस्ट १९९६ मध्ये बाजारात आलं. तेच माझ्या बाटलीत आहे. म्हातारपणी बिटो हंगेरीला परतला आणि कादंबऱ्या लिहीत बसला.

औषध करतं काय, ते मला कालव्यामुळे चटकन कळलं. डोळ्याच्या पाण्याला जाळीखेरीज आणखी एक वाट आहे. बुबुळाच्या मुळाशी असलेल्या स्नायूच्या धाग्यांमधून थोडं पाणी पाझरत मागे जातं. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या आंदेर्स बिल यांनी १९६० च्या दशकात माकडांवर प्रयोग करून ही पाझरवाट सिद्ध केली. आम्ही कालव्याच्या पाझराला शिव्या घालायचो, अस्तर लावून तो बंद करायचो. माझा डोळा मात्र पाझरावर जगतो. हे थेंब त्या स्नायूतली वीण सैल करतात आणि पाझर वाढवतात. कालवा बुजला तर पाझर वाढवा, असा तोडगा मी सरकारी टिपणीत लिहिला असता तर मला मेमो मिळाला असता. आता दाब १४ आहे. पापण्यांचे केस वाढणं हा त्याच औषधाचा जोडपरिणाम, आणि उजवं बुबुळही डाव्याहून जरा गडद झालंय, ते अजून ओवीच्या लक्षात आलेलं नाही.

कालनिर्णयचा तो कोपरा परत आला नाही. येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ओवीने अंगणातल्या पोरांना जमवून प्रत्येकाच्या कानाशी उभं राहून डोळे तपासले. घुमट सगळ्यांना दिसले. शेजारच्या मुलाच्या डोळ्यावर गेल्या वर्षी चेंडू लागला होता, आठवडाभर लाल होता, मग आपोआप बरा झाला, असं त्याने फुशारकीने सांगितलं. ओवी धावत माझ्याकडे आली. मी त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्याचा दाब व्यवस्थित निघाला, पण दर वर्षी तपासायला या, असं त्यांनी सांगितलं.

तुम्हीही चाळिशी उलटल्यावर चष्म्याचा नंबर काढायला जाल, तेव्हा दाब मोजा आणि नस बघा असं तोंडाने सांगा. घरात कुणाला काचबिंदू असेल तर तेही सांगा. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणून महिनोन्‌महिने घालू नका. त्यांत स्टिरॉइड असलं तर तेही ही जाळी चोंदवतं. आणि लहानपणी कधी विटी, चेंडू, शटल, भोवरा, काहीही डोळ्यावर बसलेलं असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. साठ वर्षांपूर्वी बसलेलं असलं तरी सांगा.